खारभूमी विकास व संधारण

समुद्राच्या भरतीचे पाणी ज्या सखल जमिनींवर येते, त्या जमिनी बांध घालून भरतीपासून तोडणे, त्यांतील लवणे पावसाच्या पाण्याने धुऊन काढणे, त्यांवर पीक उभे करणे आणि पुढे तो बांध व ती जमीन टिकवून धरणे, ह्या सर्व कार्यास खारभूमी विकास म्हणतात. महाराष्ट्रात हे कार्य मुख्यत्वे पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांच्या खाड्यांकाठी चालते. कोकणात अशा जमिनीस खार, खारेपाट किंवा खाजण अशी नावे असून खारेकुरण, खारबाव यांसारख्या ग्रामनामांत ती कायमची बसली आहेत. कालव्यांच्या अतिसिंचनामुळे दक्षिण महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात ज्या जमिनी खारवटल्या, त्यांचा प्रश्न निराळा असून त्याचा विचार येथे केलेला नाही. [⟶ मृदा संधारण; लवणयुक्त जमिनी].

शेतकऱ्यास शासनाकडून मिळणाऱ्या इतर साहाय्याहून ह्या कामाचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. विहीर, ताली, फळबाग किंवा शेततळे ह्यांसाठी मिळणारे अनुदान एका खातेदाराच्या जमिनीपुरते असते. खारीची जमीन सातबाऱ्यावर स्वतंत्र नावांनी नोंदलेली असली, तरी तिचे रक्षण करणारा बांध सर्वांचा एकच असतो. तो एका जागी फुटला, तर ज्याच्या शेतासमोर फुटला त्याचेच नव्हे, तर शेवटच्या खाचरापर्यंत सर्वांचे नुकसान होते. त्यामुळे बांधाची जबाबदारी कोणाची, हाच ह्या विषयाचा गाभा आहे व गेल्या पाऊणशे वर्षांतील कायदे ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहेत.

वैतरणेचे मुख : वैतरणा नदी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरनजीक उगम पावते आणि पिंजाळ, देहरजा, सूर्या व तानसा ह्यांचे पाणी घेऊन अर्नाळा व दातिवरे यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. मुखाजवळ ती रुंद खाडीचे रूप घेते. पश्चिम रेल्वेचा मार्ग ही खाडी पुलांवरून ओलांडतो व ह्या पुलांच्या दरम्यान पाण्याने वेढलेले वाढीव हे गाव आहे. खाडीच्या उत्तरेस सफाळे, टेंभीखोडावे, दातिवरे ह्या बाजूस आणि पुढे केळवे-माहीमपासून सातपाटी, मुरबे व तारापूरच्या खाडीपर्यंत लहानमोठ्या खारी आढळतात. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या उंचवट्यावर पानवेल, केळी व भाजीपाल्याच्या वाड्या आणि त्यांच्या मागील सखलात खारीचे भात, अशी येथील रचना आहे. वाडीची जमीन गोड्या विहिरींवर जगते, खार केवळ पावसावर. एकाच गावात हे दोन्ही प्रकार असल्याने शासकीय योजनांचा लाभही विषम पोहोचतो. ठिबक सिंचन, फळबाग व भाजीपाला यांची अनुदाने वाडीकडे जातात. खारीच्या धारकास त्यांचा उपयोग नसतो.

वैतरणेच्या खोऱ्यातील गोडे पाणी मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे वळविले गेले आहे. तानसा धरण १८९२ मध्ये, मोडक सागर १९५७ मध्ये, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये व मध्य वैतरणा २०१४ मध्ये कार्यान्वित झाले. पावसाळ्यात नदीस पूर येतच असल्याने ह्याचा परिणाम त्या काळात फारसा जाणवत नाही. परंतु पावसाळ्यानंतर खाडीस वरून येणारे गोडे पाणी जितके कमी, तितकी भरती अधिक खारी होते व अधिक आत शिरते. मुखाजवळील शेतकरी ह्या धरणांच्या लाभक्षेत्रात कोठेच मोजला जात नाही.

लवणांचे गणित : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात. एक हेक्टर क्षेत्रावर असे पाणी १० सेंमी. उंचीने साचून तेथेच आटले, तर त्या हेक्टरात सु. ३५ टन लवणे उरतात. त्यांपैकी बहुतेक भाग मिठाचा असून मॅग्नेशियमाची लवणेही असतात. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युत्‌संवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सपेक्षा अधिक झाल्यास ती लवणयुक्त समजतात. भात हे पाण्यात उभे राहणारे पीक असले, तरी लवण सहन करणारे नव्हे. संवाहकता ३ च्या वर गेली की प्रत्येक एककामागे त्याचे उत्पन्न सु. १२ टक्क्यांनी घटते, म्हणजे ७ च्या आसपास ते निम्म्यावर येते. रोप लावणीनंतरचे पहिले काही दिवस व फुलोरा ह्या दोन अवस्थांत ते विशेष नाजूक असते.

खार लागवडीस येते ती केवळ कोकणच्या पावसामुळे. जून व जुलैचा मुसळधार पाऊस वरच्या थरातील लवणे विरघळवून निचऱ्याबरोबर बाहेर नेतो आणि जुलैअखेर जमीन लावणीयोग्य होते. पाऊस थांबला की उलट क्रिया सुरू होते. खालचे खारे भूजल केशाकर्षणाने वर चढते, उन्हाने आटते व मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. ह्यामुळे बांध कोणत्या महिन्यात फुटला ह्याला फार महत्त्व आहे. ऑगस्टमध्ये खाडीचे पाणी पुराने पातळ झालेले असते आणि पुढे धुण्यास पाऊसही शिल्लक असतो. ऑक्टोबरच्या उधाणात खांड पडली, तर कापणीस आलेले पीक जाते आणि साचलेले मीठ पुढील जूनपर्यंत तसेच राहते. एका रात्रीच्या पाण्याची किंमत दोन-तीन हंगाम मोजावी लागते.

बांध व उघाडी : मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीची व ओहोटीची पातळी यांत चार ते पाच मीटरांचे अंतर पडते. दर सु. १२ तास २५ मिनिटांनी भरती येत असल्याने बांधास विश्रांती अशी नसते. बांधाचा गाभा खाजणातील चिकण मातीचा करतात व वर मुरुमाचे आवरण देतात. लाटांचा मारा जेथे थेट बसतो, तेथे खाडीकडील उतारावर दगडी अस्तर बसवितात. माथा सर्वांत मोठ्या भरतीच्या पातळीहून पुरेसा वर ठेवावा लागतो, कारण मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहू लागले की तो तासाभरात कापला जातो. खाडीकडच्या मुख्य बांधास रायगडात बाहेरकाठा म्हणतात. आतील खाचरांचे लहान बांध वेगळे असतात. खेकड्यांची बिळे हे बांधाचे जुने दुखणे आहे. बोटभर बिळातून पाझर सुरू होतो आणि उधाणाच्या दाबाखाली त्याची खांड होते.

बांध घातला की पावसाचे पाणीही आत अडकते. ते बाहेर काढण्यासाठी बांधात जे दार ठेवतात, त्यास उघाडी म्हणतात. उघाडीस खाडीच्या बाजूने झडपा असतात. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने त्या उघडतात व भरतीच्या वेळी बाहेरील दाबाने आपोआप मिटतात. कल्पना सोपी असली, तरी तिची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. १०० हेक्टरांच्या खारीवर १०० मिमी. पाऊस पडला, तर १ लाख घनमीटर पाणी जमा होते आणि ते खाडीची पातळी उघाडीच्या उंबरठ्याखाली असेल तेवढ्याच तासांत बाहेर जाऊ शकते. अतिवृष्टी आणि उधाण एकाच दिवशी आले, तर झडपा मिटलेल्या राहतात व पीक गोड्या पाण्यातच कुजते. खाडीचे पात्र गाळाने वर आले, तर ओहोटीतही उघाडी पुरती वाहत नाही. खारभूमीच्या अनेक योजना बांध फुटल्याने नव्हे, तर उघाडी निकामी झाल्याने बिघडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते अंदाजपत्रकांत बांधाच्या लांबीला जितके महत्त्व मिळते, तितके उघाडीच्या देखभालीला मिळत नाही. मासळीसाठी रात्री झडपा उघड्या ठेवून खारे पाणी आत घेण्याचे प्रकारही होतात आणि त्यावरून गावांत तंटे उद्‌भवतात.

पूर्वेतिहास : खार बांधणाऱ्यास आरंभी सारामाफी व पुढे चढत्या दराने सारा, असा इस्ताव्याचा कौल देण्याची रीत मराठा अमलात होती. ब्रिटिश राजवटीतही समुद्रातून काढलेल्या जमिनीस सवलतीचे पट्टे देण्यात येत. आजच्या भाषेत हे शासकीय प्रोत्साहनच होय, फक्त ते रोख रकमेऐवजी सोडून दिलेल्या महसुलाच्या रूपाने मिळे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात ह्यातून शिलोत्री नावाचा धारणाप्रकार रूढ झाला. शिलोत्रदार बाहेरचा बांध राखी व त्याबद्दल कसणाऱ्याकडून धान्यरूपाने हिस्सा घेई. वरवर पाहता हा विनिमय न्याय्य वाटतो, परंतु हिस्सा नियमाने वसूल होई आणि डागडुजी मात्र टळे, अशा तक्रारी वाढल्या. अलिबागच्या खारेपाटात चरी येथे १९३३ ते १९३९ पर्यंत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला शेतकऱ्यांचा संप प्रामुख्याने खोतीविरुद्ध असला, तरी तो खारीच्या प्रदेशातच उभा राहिला, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. इतरत्र गावकीने घरटी एक माणूस बांधावर पाठवावा व उधाणाच्या रात्री पहारा ठेवावा, अशी प्रथा होती.

स्वातंत्र्यानंतर मध्यस्थ गेले. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा व कुलाब्यातील शिलोत्री हक्क नष्ट करणारा कायदा १९५५ चा. कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक ठरली. जमीन कसणाऱ्यास मिळाली, ही ह्या कायद्यांची मोठी फलश्रुती होय. मात्र बांध राखणारा पूर्वीचा जबाबदार माणूस नाहीसा झाला आणि नव्या लहान मालकांपैकी कोणाचीही एकट्याची तो राखण्याची ऐपत नव्हती. ही पोकळी काही अंशी भरून काढण्यास १९४८ चा मुंबई खार जमीन अधिनियम आधीच अस्तित्वात होता. त्यान्वये खार जमीन विकास मंडळ स्थापन झाले व योजनांचा खर्च शासन आणि धारक यांनी वाटून घ्यावा असे ठरले. धारकांकडील वसुली हा ह्या व्यवस्थेचा कमकुवत दुवा राहिला. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने हे कार्य सरळ राज्य शासनाकडे घेतले. ते आता जलसंपदा विभागाच्या खारभूमी विकास मंडलामार्फत चालते. पेण येथे त्याचे विभागीय कार्यालय आहे.

ह्या व्यवस्थेत एक भेद निर्णायक ठरतो. शासनाच्या यादीतील योजनांचे बांध विभाग दुरुस्त करतो. जे बांध शेतकऱ्यांनी किंवा पूर्वीच्या जमीनदारांनी घातले व शासनाने ताब्यात घेतले नाहीत, ते खाजगी समजले जातात आणि त्यांची दुरुस्ती धारकांवर राहते. एका खाडीच्या दोन काठांवर, सारख्याच मातीच्या व सारख्याच लांबीच्या दोन बांधांपैकी एकास निधी मिळतो आणि दुसऱ्यास मिळत नाही, असे त्यामुळे घडते. खाजगी योजना ताब्यात घेण्यासाठी क्षेत्र, खर्च व लाभ यांचे प्रमाण तपासले जाते. लहान खारींचा खर्च दर हेक्टरी अधिक येत असल्याने त्या मागे पडतात. वस्तुतः अशा लहान खारींचे धारकच सर्वांत दुर्बल असतात.

पीकपद्धती : दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे आहे. काळा राता व भुरा राता ह्या जुन्या स्थानिक जाती लवण सहन करीत, पण उत्पन्न कमी देत. पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ ह्या केंद्राने प्रसृत केलेल्या जाती होत. रोपे थोडी जून करून व एका चुडात अधिक रोपे घेऊन लावणी करणे, मरीची तूट भरून काढणे, धैंच्याचे हिरवे खत देणे, कापणीनंतर जमिनीवर पेंढ्याचे आच्छादन ठेवणे, ह्या शिफारशी आहेत. रोप लावण्याऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत खारीत रूढ आहे. खारीतील शेततळ्यात पावसाचे पाणी धरून हिवाळ्यात भाजीपाला व मासे घेता येतात. पालघर जिल्ह्यात कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र विस्तारकार्य करते.

आर्थिक साहाय्य : बांध फुटून पीक गेल्यास शेतकऱ्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला आपत्ती साहाय्याचा. केंद्र शासनाच्या निकषांनुसार २०१५ पासून किमान ३३ टक्के नुकसान आवश्यक असते (त्यापूर्वी ती अट ५० टक्क्यांची होती). जिरायत पिकासाठी दर हेक्टरी ६,८०० रुपये असलेली मदत २०२२ मध्ये ८,५०० रुपये करण्यात आली. हे निकष एका हंगामाचे पीक मोजतात. जमिनीत राहिलेले मीठ व पुढील हंगामाची घट त्यांत बसत नाही. गाळ साचलेल्या किंवा नदीने पात्र बदलल्यामुळे वाहून गेलेल्या जमिनीसाठी निराळी तरतूद आहे. खारीवर गाळ साचत नाही व जमीन वाहूनही जात नाही. ती डोळ्यांना जशीच्या तशी दिसते, आणि पंचनाम्यात हीच तिची अडचण ठरते.

दुसरा मार्ग पीकविम्याचा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेतात पाणी साचून झालेले भाताचे नुकसान स्थानिक आपत्तीच्या सदरातून २०१८ मध्ये वगळण्यात आले. ते २०२६ च्या खरिपापासून पुन्हा समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मधल्या वर्षांत खारीच्या शेतकऱ्यास संपूर्ण मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर अवलंबून राहावे लागले. मंडळातील वरच्या जमिनीचे भात चांगले आले, तर बुडालेल्या खारीची भरपाई हिशेबात नाहीशी होई. २०१९ मध्ये सुरू झालेला केंद्राचा किसान सन्मान निधी (वर्षास ६,००० रुपये) व २०२३ मधील राज्याचा नमो सन्मान निधी (तितकाच) जमिनीच्या नोंदीवर मिळतात. तोंडी कराराने खार कसणाऱ्यास ते मिळत नाहीत.

खोऱ्याच्या वरच्या भागात, जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारांवर, साहाय्याचे स्वरूप परिचित आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमापासून समपातळी बांध, पुढे मजगी, नालाबांध, १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड आणि २०१४ नंतर जलयुक्त शिवार. ह्या कामांचा खारीशी संबंध गाळापुरता आहे. वर माती धरली, तर खाली उघाडीचे तोंड उशिरा भरते.

कांदळवन व खाजगी जमीन : बांध फुटला व दोन-तीन वर्षे दुरुस्त झाला नाही, तर भरतीबरोबर तिवराचे बी आत येते व खाचरात कांदळवन उभे राहते. कांदळवन लाटांचा जोर मोडते, गाळ धरते, मासळीच्या पिलांना आसरा देते. खाडीकडील बाजूस ते बांधाचे उत्तम रक्षक असते. म्हणून त्याचे संरक्षण हे खारीच्या हिताचेच आहे. अडचण येते ती ते बांधाच्या आत वाढल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने कांदळवनाच्या तोडीस राज्यभर मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवनास संरक्षण राहील हे स्पष्ट केले. किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीच्या बांधास किंवा उघाडीस भरतीरेषा मानण्याची सोय आहे. परंतु खारे पाणी आत शिरून बांधामागे उगवलेले कांदळवन सर्वाधिक संरक्षित वर्गात ठेवावे, असेही तीत म्हटले आहे.

ह्याचा अर्थ असा की वेळेवर दुरुस्ती न झाल्यास शेतजमीन शेतीस कायमची मुकते. सातबारा शेतकऱ्याच्या नावे राहतो, हक्क कागदावर उरतो. ज्याची खार सरकारी यादीत नाही, त्याच्या बाबतीत हे अधिक कठोर ठरते, कारण दुरुस्तीस पैसा नव्हता म्हणून वन उगवले आणि वन उगवले म्हणून दुरुस्तीस मनाई, असे चक्र पुरे होते. दुरुस्तीतही नवी अडचण आहे. बांधास लागणारी चिकण माती बाहेरच्या खाजणातून काढण्याची जुनी रीत होती. तेथे आता कांदळवन असल्याने माती आतून किंवा दुरून आणावी लागते व खर्च वाढतो.

राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. २०१७ मधील कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, कालवपालन, शोभिवंत मत्स्यपालन इ. व्यवसायांसाठी गटांना ९० टक्के व व्यक्तींना ७५ टक्के साहाय्य देण्यात येते. योजना उपयुक्त आहे, परंतु ती व्यवसायास पैसा देते. जमिनीचा वापर सोडल्याबद्दल मोबदला देत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८५ च्या शेती कायद्याने धूपप्रवण जमीन पडीक ठेवणाऱ्या मालकास वार्षिक भाडे देण्याची आणि १९९० च्या कायद्याने शेत पुन्हा पाणथळ होऊ देणाऱ्यास त्या हक्काची किंमत देण्याची व्यवस्था केली. तेथील धारणक्षेत्रे प्रचंड असल्याने ती पद्धत जशीच्या तशी येथे लागू पडणार नाही. तथापि निसर्गासाठी सोडलेल्या खाजगी जमिनीचे मूल्य ठरविता येते, एवढे त्यावरून दिसते.

गोव्यातील खाजणे ह्या बाबतीत जवळचे उदाहरण होत. तेथे बांध व मानस (उघाडी) गावकारीच्या देखरेखीखाली असत व मानशीवरील मासेमारीच्या लिलावातून उत्पन्न मिळे. पुढे १९६४ च्या कूळकायद्यान्वये कूळ संघांकडे ही जबाबदारी आली. तेथेही लिलावाचे उत्पन्न मोहक ठरून भातापेक्षा मासळीसाठी मानस चालविण्याकडे कल वाढला. तरी २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे नकाशे तयार करावेत व ती जतन करावीत असे म्हटले गेले. महाराष्ट्राच्या खारींना तसा उल्लेख लाभला नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या खारींवर शेतीबाहेरील दाब वाढत आहेत. वैतरणेच्या खाडीतील वाळूउपशाने काठ सुटे होतात आणि बांधाचा पायथा उघडा पडतो. रेल्वेपुलांच्या सुरक्षिततेच्या निमित्ताने ह्या उपशाची चर्चा होते, बांधांच्या निमित्ताने क्वचितच. बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्याने खाड्या दूषित झाल्याबद्दल मांगेला समाजाच्या संस्थेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती मासेमारीच्या हानीबद्दल होती. उघाडीच्या झडपा गळक्या असतील, तर तेच पाणी भरतीबरोबर खाचरांतही येते आणि पावसाने मीठ धुतले जाते, तशी ही द्रव्ये धुतली जातीलच असे नाही. नव्या लोहमार्गांचे भराव सखल भागांतून जात असल्याने जुने निचऱ्याचे ओहोळ कोठे अडतात, हे प्रत्येक खारीत उघाडीच्या पातळीशी ताडून पाहावे लागते.